रेघेखाली उरलेले इंच

२० मार्च १९६४, शुक्रवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आमच्या घराच्या मागच्या बाजूला खाली काहीतरी मोठ्याने तडकले आणि घर जागच्या जागी थांबले. इंजिन चालू होते, गिअर नीट पडत होता, फक्त चाके फिरत नव्हती.

आमचे घर म्हणजे लष्कराने मोडीत काढलेला एक पेट्रोलचा ट्रक होता. त्याच्या पाठीवर दुबईच्या खाडीकाठी गलबते बांधणाऱ्या सुतारांनी उरल्यासुरल्या सागवानी फळ्यांची एक खोली ठोकून दिली होती. त्या खोलीत दोन बाके होती, रात्री त्यांचेच पलंग होत. एका कोपऱ्यात स्टोव्ह, दुसऱ्या कोपऱ्यात माझी प्रयोगशाळा, म्हणजे एक अरुंद फळी, दोन ब्युरेट आणि गवतात गुंडाळलेल्या बाटल्यांच्या पेट्या. अमिरात नावाचा देश तेव्हा अस्तित्वात नव्हता. शारजा, अजमान, उम्म अल कुवेन ही आपापल्या शेखची गावे होती आणि त्यांना जोडणारा रस्ता म्हणजे ओहोटीने काही तासांपुरती मोकळी केलेली ओली, घट्ट वाळू.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मुंबईतल्या एका कॉलेजात इतरांच्या परीक्षानळ्या मांडून ठेवण्याची नोकरी मला मिळत होती. ती सोडून लग्नानंतर मी इकडे आले. एका इंग्रज सल्लागार कंपनीला किनाऱ्यावरच्या विहिरींतले मीठ मोजून हवे होते. करार माझ्या नवऱ्याच्या नावावर होता, कारण बाईच्या नावावर करार करण्याची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. मोजणी माझी होती आणि ते त्यांनाही ठाऊक होते. या हंगामातल्या सगळ्या विहिरी वेळेत झाल्या तर पुढचा करार माझ्या नावावर करू, असे तिथल्या साहेबाने कबूल केले होते. अट एकच होती : वाहन आमचे आम्ही आणायचे. ट्रक गेला की घर गेले, करार गेला आणि माझ्यापुरते बोलायचे तर पुढचे सगळेच गेले.

ट्रक बिघडणे ही आमच्याकडे घटना नव्हती, दिनक्रम होता. रेडिएटर गळू लागला की मी स्वयंपाकातली हळद त्यात ओतत असे. ती फुगून भोक बुजवी आणि त्या दिवशी आमटी पांढरी होई. पेट्रोलच्या टाकीची चीर कपड्याच्या साबणाने बंद होई. मुक्काम कायम उतारावर करायचा, म्हणजे सकाळी बॅटरीने दगा दिला तरी गाडी ढकलून सुरू होते. बॉनेट उघडे असेतो स्टोव्ह पेटवायचा नाही. हे नियम माझे होते आणि नवरा ते पाळत असे, कारण ते न पाळल्याचे परिणाम त्याने पाहिले होते. त्या सकाळी मात्र आम्ही उतारावर नव्हतो. अजमान मागे टाकून, ओहोटीचे पाणी अजून सरत असताना, खालच्या घट्ट वाळूवरून जात होतो, कारण नवऱ्याच्या मामूंना पुढच्या गावातला जुमा, म्हणजे शुक्रवारची दुपारची नमाज, गाठायचा होता.

नवरा ट्रकखाली गेला आणि थोड्या वेळाने कोपरावर सरकत बाहेर आला.

"हाफ शाफ्ट गेला. मागच्या चाकाला फिरवणारा दांडा. दोन तुकडे झालेत."

"दुसरा आहे?"

"आहे ना. दुबईत, दुकानात."

पुढच्या चाकांनाही जोर देण्याची सोय या ट्रकला होती. परंतु तुटलेला तुकडा आतल्या दातांत अडकला होता. तो काढल्याशिवाय जोर दिला असता तर दातेच मोडले असते.

मामूंनी टोपी झटकली. त्यांचे आयुष्य रत्नागिरीच्या गलबतांवर तांडेल म्हणून गेले होते. आता ते आमच्याबरोबर राहात आणि आमच्यापेक्षा चांगला स्वयंपाक करीत.

"दुरुस्ती मागाहून करा. आधी जुमा. पाणी काय पळून येणार नाही तुमच्यावर. चांद अर्धा आहे, आज भांग."

कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. पुनवेला आणि अवसेला उधाण, चंद्र अर्धा असला की भांग. भांगाला पाणी थोडेच चढते आणि सकाळी जेवढे चढले, साधारण तेवढेच संध्याकाळी. सकाळच्या भरतीने टाकलेली शेवाळाची रेघ वर वाळूत स्पष्ट दिसत होती. पाणी पुन्हा तेवढेच आले असते तर ट्रकची चाके अर्धी भिजली असती, त्याहून अधिक काही नाही.

पण मागच्या मुक्कामावर तीन दिवस मी समुद्रात एक खुणांची काठी रोवून ठेवली होती. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे मीठ भरतीबरोबर बदलते, म्हणून पाण्याची उंची मला हवी होती. तिन्ही दिवशी संध्याकाळची भरती सकाळच्या भरतीपेक्षा उंच होती आणि हा फरक रोज वाढत होता. चंद्र विषुववृत्तापासून दूर सरकला की दिवसातल्या दोन भरत्या असमान होतात, हे मी पुस्तकात वाचले होते. या आखातात ती असमानता केवढी असते, ते काठीवर दिसले होते.

"मामू, आज संध्याकाळी पाणी त्या रेघेच्या बरंच वर जाणार. इंजिनात शिरेल."

"का गो सूनबाय? रत्नागिरीचा चांद वेगळा आणि इथला वेगळा?"

"चांद तोच. समुद्र वेगळा आहे."

त्यांनी माझ्याकडे न पाहता भाच्याला हाक मारली. "चल रे. मशिदीत खुतबा सुरू होईल."

"मामू, सफरात जुमा माफ आहे," नवरा म्हणाला. "मी थांबतो."

"सफर? बायको या ट्रकात, चूल या ट्रकात, अंथरूण या ट्रकात. पाठीवर घर घेऊन फिरतो तो कासव. कासवाला कोणी मुसाफिर म्हणतं?"

हा वाद जुना होता. प्रवाशाला नमाज आखूड करण्याची सवलत असते. आम्ही प्रवासी की घरात बसलेले, यावर आमच्याच घरात एकमत नव्हते. नवरा मुक्काम हलला की चाराऐवजी दोनच रकात, म्हणजे नमाजाची आवर्तने, पढे. मामू कुठेही, कधीही, पूर्ण चार.

"मग हे कासव बुडणार आहे," मी म्हटले. "तुम्ही जा. पण येताना माणसं आणा."

"इन्शाल्ला," म्हणून ते किनाऱ्याने चालू लागले. रागाने चालणारा माणूस वाळूत किती लवकर लहान होतो, हे मी पाहिले. शुक्रवार असल्यामुळे गावे मशिदीत होती. नमाज सुटेपर्यंत त्या किनाऱ्यावर आमच्यासाठी कोणीही येणार नव्हते.

मी प्रथम इंजिनाच्या बाजूला खडूने एक आडवी रेघ मारली. तेल मोजायची पट्टी जिथे आत जाते ते भोक आणि डायनामो साधारण एका उंचीवर होते. रेघ बरोबर त्या उंचीची होती. तिथवर खारे पाणी चढले की इंजिन मेले असे समजायचे. मग बाटल्यांच्या पेट्या वरच्या कोरड्या वाळूत नेल्या, पिण्याच्या पाण्याचे पिंप लोटत नेले, अंथरुणे नेली. ऊन असे होते की पत्र्याला हात लागला की कातडी चिकटावी. परत येताना दर खेपेला मी पाण्याकडे पाहात असे. काही वेळ ते दूर, निश्चल होते. नंतर ते तसे राहिले नाही.

नवऱ्याने चाकाचे तोंड उघडून दांड्याचा बाहेरचा तुकडा ओढून काढला. आतला तुकडा नळीत खोल होता. तार वाकवून घातली, ती सुटली. पुन्हा घातली, पुन्हा सुटली. ग्रीसने बरबटलेल्या त्याच्या हातांत काही ठरत नव्हते, तरी तो तीच तार पुन्हा पुन्हा वाकवत होता. ही त्याची घाबरण्याची रीत होती.

"नळी किती रुंद आहे?" मी विचारले.

"तुझी मनगटं जातील. पण तेवढ्या आत तुझा हात पोचणार नाही."

मी फळीवरून मूस उचलायचा चिमटा आणला. भट्टीतून तापलेली मूस काढण्यासाठी तो मुद्दाम लांब केलेला असतो. नवऱ्याने टॉर्च धरला, मी वाळूत आडवी पडून चिमटा आत घातला. तुकडा पकडला गेला, निसटला, परत पकडला गेला. तो बाहेर आला तेव्हा माझ्या पायांना पाणी लागले होते. मला वाटले पिंप सांडले. पिंप केव्हाच वर गेले होते.

दांडा तुटला तेव्हा ट्रक वर वळत होता, त्यामुळे त्याचे तोंड किनाऱ्याकडे होते आणि मागची चाके आता पाण्यात उभी होती. नवऱ्याने पुढच्या चाकांना जोर दिला, ट्रक हातभर पुढे सरकला आणि चाके जागीच फिरू लागली. मागे एवढे ओझे आणि ओढायला दोनच चाके.

"थांबा," मी म्हटले. "खड्डा होतोय."

तेवढ्यात किनाऱ्यावरून मामू आले. त्यांच्यामागे सातआठ मासेमारी करणारे अरब होते, त्यांच्या खांद्यावर नांगर, जाड दोर आणि कप्पी. मामूंनी पाण्याकडे पाहिले, सकाळच्या रेघेकडे पाहिले. रेघ आता पाण्यापासून फार दूर नव्हती आणि सूर्य अजून पुष्कळ वर होता.

"हं," ते म्हणाले. "नांगर वर पुरा. होडी ओढतात तसं घर ओढू."

नांगर कोरड्या वाळूत छातीइतका खोल पुरला गेला. दोर कप्पीतून घेऊन ट्रकच्या तोंडाला बांधला. हे चालू असताना असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, वेळ झाली. मामूंनी ओल्या वाळूवर रुमाल टाकला आणि नमाजाला उभे राहिले. मी दोराची गाठ धरून उभी होते, त्यामुळे पाहणे टळले नाही. दोन रकात पढून त्यांनी सलाम फिरवला, रुमाल कमरेला बांधला आणि दोराला हात घातला. नवऱ्यानेही पाहिले होते. तो इंजिन सुरू करायला गेला.

"यल्ला," म्हातारा कोळी ओरडला आणि सगळ्यांनी एका ठेक्यात दोर ओढला. नवऱ्याने इंजिनाला जोर दिला. घर कुरकुरले, हलले, चालू लागले. पाणी मागच्या चाकांवरून उतरले. सकाळची रेघ ओलांडली. मला आता पेट्या परत कशा ठेवायच्या हा विचार सुचू लागला होता, आणि त्याच क्षणी पुढची चाके भरतीच्या कडेवरच्या भुसभुशीत वाळूत गेली आणि धुऱ्यापर्यंत खाली बसली. दोर ताणून थरथरत राहिला. ट्रक तसूभर हलला नाही. पुन्हा ओढले, तिसऱ्यांदा ओढले. शेवटी नांगरच वाळू फाडत वर आला.

"खलास," म्हाताऱ्याने हात झटकले. ते सगळे थकून कोरड्या वाळूत बसले. उठून मात्र कोणी गेले नाही.

आता करण्यासारखे थोडेच होते. नवऱ्याने बॅटरी काढून वर नेली, पट्टीच्या भोकात चिंधी कोंबून वर साबण थापला. त्याने पाणी अडणार नव्हते, उशिरा शिरले असते. मी रॉकेलचा रिकामा डबा घेतला, त्याला खालून भोके पाडली आणि इंजिनाशेजारी बांधला. डब्यातले पाणी लाटांनी हलत नाही, बाहेरच्याइतकेच चढते. तिथून खडूच्या रेघेपर्यंत मी इंचांची मोजपट्टी धरू लागले. सलवार गुडघ्यांवर खोचून मी पाण्यात उभी राहिले आणि पहिला आकडा मोठ्याने वाचला : अकरा इंच.

"किती येणार?" नवऱ्याने विचारले.

"काठीवर रोज जेवढा फरक वाढत होता तेवढाच आजही वाढला, तर रेघेला टेकेल. थोडा खाली किंवा थोडा वर."

"थोडा म्हणजे?"

"माझ्याकडे तीनच दिवसांचे आकडे आहेत."

आठ. साडेसहा. पाणी मागच्या दाराच्या पायरीवरून आत डोकावू लागले. नवरा म्हणाला, "खोली गलबतवाल्यांनी बांधलीय. कदाचित तरंगेल."

"गलबत असतं तर फटीत कापूस भरला असता," मामू म्हणाले. "ही पेटी आहे, पेटी. पेटी काय तरंगते?"

साडेचार. माझ्या मांड्यांना पाणी गार लागत होते. वारा पडलेला होता. उत्तरेचा वारा सुटला असता तर आकड्यांना काहीच अर्थ उरला नसता, म्हणून मी दर वेळी पट्टी धरण्यापूर्वी उत्तरेकडे पाहात असे. तीन. पाणी चढण्याचा वेग कमी झाला होता, पण वेग कमी होणे म्हणजे थांबणे नव्हे. रेघेपर्यंत पोचायला वेगाची गरज नव्हती.

सूर्य बुडाला. कोळ्यांनी वाळूतच मगरीबच्या नमाजासाठी जमात, म्हणजे एकत्र रांग, उभी केली, नवरा त्यांच्यात जाऊन उभा राहिला. मामू मात्र पाण्यात माझ्याजवळ आले.

"नमाज?" मी विचारले.

"वेळ आहे अजून. तू वाच."

"अडीच."

आम्ही थांबलो. डब्यातल्या पाण्यावर तेलाचा एक पातळ थर फिरत होता. मी टॉर्च जवळ धरला.

"दोन."

मामूंनी इंजिनावर तळहात ठेवला, तापलेल्या बैलाच्या अंगावर ठेवावा तसा. आम्ही पुन्हा थांबलो, पूर्वीपेक्षा जास्त वेळ.

"दोन."

"तेच?"

"तेच."

"मग उतरणार का?"

"ते पुढचा आकडा सांगेल."

मी पट्टी पुसली, डब्याच्या कडेला टेकवली आणि खडूच्या रेघेपासून खाली वाचले. एकदा वाचल्यावर विश्वास बसला नाही, म्हणून टॉर्च मामूंच्या हाती देऊन दोन्ही हातांनी पट्टी धरून पुन्हा वाचले. मगच लिहिले : सव्वादोन इंच.