गुणाबाईच्या कानाजोगता सायलेन्सर

"तो आवाज माझ्या दारात न्हाई पाहिजे म्हंजे न्हाई!"

"मग क्लासच्या पोरांचे डबे काय डोक्यावर नेऊ?"

"न्या की. डोकं तसं बी रिकामंच हाय."

आमच्या आणि शेजारच्या घरात एका विटेची भिंत, त्यामुळं नवराबायकोचं हे भांडण मला आपोआप ऐकू आलं. खोटं कशाला बोलू, मी भिंतीला टेकूनच बसले होते.

दगडोबा लातुरात सायलेन्सर बनवायचा. पुढं वेल्डिंगचं दुकान, मागं घर. गुणाबाई त्याची बायको, माहेर किल्लारीकडचं. भूकंपात तिची आई गेली. तिच्या बापाची एक फार जुनी पिकअप होती. त्या दिवसांत बापानं तीतून माणसं वाहिली. आधी जखमी, मग मेलेली. फुटक्या सायलेन्सरची ती धडधड ऐकली की वाचलेली माणसं बोलायची थांबायची म्हणे. पुढं बापही गेला आणि पिकअप जावयाच्या दुकानामागं गंजत पडली.

मग लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. कंधारची, किनवटची पोरं खोल्या करून राहू लागली. गुणाबाईनं डबे सुरू केले. डबे वाढले, तशी दगडोबाची नजर पिकअपवर गेली.

"आवाजच बदलून टाकतो," तो म्हणाला. "तुला वळखू बी येणार न्हाई."

त्या गाडीचा सायलेन्सर कुठं मिळणार? सगळं हातानंच करायचं. पाइपात कोरडी वाळू ठासायची, तोंडं बंद करायची, लालबुंद तापवून वाकवायचा. वाळू नसली तर वळणावर पाइप चपटा होतो. सायलेन्सरचा पुढचा डबा त्यानं चांगला मोठा केला, आत भोकाभोकाची नळी, भोवती काचलोकर. आवाज जितका दाबू तितकं बायकोला बरं, असा त्याचा समज.

भर दुपारी त्यानं गाडी चालू केली. धडधड खरंच गेली होती. राहिली ती नुसती घुमणारी घरघर. कानाला कमी, तळपायाला जास्त. माझ्या फळीवरची ताटं किणकिणली.

मी रस्त्यावर कधी आले मलाच कळलं नाही. समोरच्या पार्वतीबाई डोक्याला शिकेकाई लावलेल्या, तशाच बाहेर. भूकंपापासून आमच्याकडं ताटं वाजली की कुणी विचारत बसत नाही. गाडी दिसली तेव्हा सगळे हसलो. गुणाबाई तेवढी हसली नाही. कणकेच्या हातांनी रस्त्यात बसली आणि म्हणाली, "आई आत राहिली."

दगडोबानं गाडी बंद केली. बापाच्या गाडीचा आवाज घालवता घालवता त्यानं जमिनीचा आवाज दारात आणला होता. त्यानं तिला हाताला धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं डबा कापला आणि बायकोला दुकानात बसवलं. "आता तू सांगायचं."

डबा लहान केला. "असा?"

"छातीत येऊन राहिलाय."

नळी आखूड केली. "आता?"

"आता म्हैस खोकल्यावानी."

"म्हैस चालंल का?"

"तुमाला चालंल. मला न्हाई."

असं किती दिवस चाललं देव जाणे. शेवटी एक घोगरी, हलकी पटपट निघाली. गुणाबाईनं डोळे मिटून ऐकली. "हा आवाज कुणाचाच न्हाई," ती म्हणाली. "असू द्या."

वर्षानुवर्षं त्या पिकअपमधून डबे गेले आणि रिकामे परत आले. पण गाडी दारात थांबली की गुणाबाई आधी मागं जायची. दगडोबा गाडीचा मागचा फळका पाडून द्यायचा आणि बाजूला उभा राहायचा. ती आत डोकावायची, कुणी राहिलं नाही ना ते कोपऱ्याकोपऱ्यात बघायची, आणि मगच डब्यांना हात लावायची. त्यानं कधी तिला घाई केली नाही. मी चहाला हाक मारली तरी, "थांबा काकू, बघू द्या तिला," म्हणायचा.

तो गेला त्या दिवशीही दुपारचे डबे त्यानंच पोचवले. परत आला, गाडी लावली, फळका पाडला आणि तिचं बघून होईपर्यंत उन्हात उभा राहिला.