रॉनची लय

वृद्धाश्रमाच्या खिडकीपाशी रॉनच्या थरथरत्या हातातला कप बशीवर टकटकत होता. लंडनमधल्या आमच्या तरुणपणीच्या रॉक बँडचा हा ड्रमर. पुढे तो जॅझ क्लबात वाजवत राहिला, सर्कशीत, जहाजावरच्या नाचघरात, लंडनच्याच साउथॉल भागातल्या पंजाबी लग्नांतसुद्धा.

“जेवण मात्र पंजाब्यांचंच! तुम्ही पोरं मला चिप्सवर राबवायचात,” तो हसून म्हणाला.

आमचा बँड त्याने स्वतःहून सोडला, असं लोक अजून समजतात. ते खरं नाही. गाण्यांची लय पळते, असा ठपका ठेवून त्याला काढलं होतं. पळत होती ती माझी गिटार. मला ते कळत होतं, तरी मी गप्प बसलो. ड्रमर सगळ्यांच्या मागे बसतो. पुढे उभ्या असलेल्यांना त्याचा चेहरा दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या चेहऱ्यावर दोष टाकणं फार सोपं जातं.

“रॉन, घाई माझी होती,” मी म्हणालो.

“ठाऊक आहे रे. तू एकटा पडू नयेस म्हणून मीही तुझ्यामागे धावायचो.”

त्याने हे इतकं सहज सांगितलं, की तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं.