ताई बसायची तशी

माझ्या लांबच्या बाळांनो,

परवा माझ्याशी फोनवर बोलता बोलता तुमची आई एकदम गप्प झाली. तुम्ही तिघं कुठल्याशा मोठ्या दुकानात होतात आणि धाकट्याला जोरात लागली होती. तिने फोन तसाच पर्समध्ये टाकला, बंद करायला विसरली. मला धावण्याचे आवाज आले, मग दार, मग तुझं, म्हणजे थोरल्याचं, "आई, लवकर." आणि मग तिचा अगदी हळू आवाज, "बस रे सोन्या. ताई बसायची तशी बस."

त्याच रात्री थोरल्याने मला विचारलं, "आजी, आमच्या घरात तर ताईच नाही. ताई कोण?" तुमच्या आईला विचारलं तर ती हसली. म्हणाली, सहज तोंडात येतं, कुठून येतं माहीत नाही.

मला माहीत आहे. म्हणून लिहिते. आई वाचून दाखवेल तेव्हा तीही पहिल्यांदाच ऐकेल.

तुमची आई तेव्हा अडीच वर्षांची होती. आम्ही सुरतेला बमरोलीत राहत होतो. तुमचे आजोबा तिथल्या एका कापड मिलच्या रंगखात्यात होते. माझ्या सासूबाई मोठ्या दिरांकडे नवागामला असत. दर गुरुवारी मी मुलीला घेऊन त्यांना भेटायला जात असे. शटल रिक्षा, म्हणजे चारजणांत मिळून केलेली, नाक्यावर सोडायची, तिथून पुढे लूमच्या गल्लीतून चालायचं. दोन्ही बाजूंना एकेका खोलीची घरं, मधूनमधून मागांचे कारखाने. खडखडाट इतका, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे.

लहान मुलांना रस्त्यात लागली की गटाराच्या कडेला बसवायची, अशीच रीत होती. मोठ्या बायकांसाठीच जिथे सोय नव्हती तिथे मुलांची कोण बघणार? मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, मुलं कशी वाढवावीत याची पुस्तकं वाचलेली. मला ते जमत नसे. म्हणून मी माझी व्यवस्था केली होती. पिशवीत जादा चड्ड्या, पाण्याची बाटली, साबणाचा तुकडा, ओलं ठेवायला प्लॅस्टिकची थैली. प्रत्येक चड्डीच्या नेफ्यात आतून लाल दोऱ्याचे टाके घातलेले, कारण आमच्या क्वार्टर्समध्ये सगळ्यांचे कपडे एकाच दोरीवर वाळत आणि हमखास अदलाबदल होई.

अशा तयारीला अडीच वर्षांचं मूल काय भीक घालतं! घरी तीनदा विचारलं तरी "नाही आली" आणि रिक्षातून उतरल्यावर पाय आवळून रस्त्यात उभं.

त्या गुरुवारी तसंच झालं. उन्हाळा होता, सकाळपासून तिचं पोट बिघडलेलं. गल्लीच्या मध्यावर आल्यावर ती थांबली, माझा पदर धरला आणि रडायला लागली. मी इकडे तिकडे बघत होते, तेवढ्यात एका घराच्या पडवीतून एक बाई म्हणाली, "लेकराला कशाला रडवायलाव? आणा इकडं. मोरी हाय की घरात."

चाळिशीच्या आतबाहेरची बाई. बोलण्यावरून मराठवाड्यातली. मी "नको, नको" म्हणेपर्यंत तिने मुलीला उचललंसुद्धा. खोली स्वच्छ, भांडी घासून पालथी घातलेली. कोपऱ्यातल्या मोरीत दोन विटा ठेवल्या होत्या, लहान पावलांना पुरतील एवढ्याच अंतरावर. ती मुलीला म्हणाली, "बस गं. ताई बसायची तशी बस. हितं हात धर."

भिंतीत एक खुंटी होती, जमिनीपासून जेमतेम दोन विती वर. मोठ्या माणसाला तिचा काही उपयोग नव्हता. मुलीने ती धरली, आणि परक्या घरात कधी न बसणारी माझी मुलगी शांत बसली.

तोवर चड्डी खराब झालेलीच होती. मी पिशवीत थैली शोधली, तर त्या थैलीत सासूबाईंसाठी नेलेल्या कैऱ्या. बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. धुऊन वाळत घालते. जाताना न्या."

"अहो, तुम्ही कशाला..."

"लेकराची घाण का घाण असती व्हय?"

मी नवी चड्डी घातली, तिचे आभार मानले आणि निघाले. रस्त्यावर आल्यावर मुलगी मागे वळून म्हणाली, "ताई आहे तिथे." मी म्हटलं, "हो, त्यांची ताई असेल." घरात दुसरं कोणी मला दिसलं नव्हतं.

दुपारी तिला ताप भरला. मी औषध दिलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. तापात मुलगी "ताई, सरक" असं पुटपुटली, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला सगळं सांगावं लागलं. खराब चड्डी परक्या घरात राहिली आहे, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. आमच्या खानदेशात लहान मुलाच्या अंगाचं वस्त्र, त्यातून न धुतलेलं, अनोळखी घरात ठेवत नाहीत. मूल त्या वस्त्रामागे ओढलं जातं म्हणतात.

"पोट बिघडलंय तिचं," मी म्हटलं. "ताप त्याचा आहे."

सासूबाई अहिराणीत म्हणाल्या, "तू शिकेल शे, मी अडाणी शे. पन चड्डी घर येवालेच पायजे. दिन बुडाना आधी."

दिवस बुडायच्या आत चड्डी घरी यायलाच हवी होती. मी वाद घातला नाही. पुस्तकं तिकडे बमरोलीच्या फळीवर होती आणि मांडीवर मुलगी तापली होती. तिला त्यांच्या स्वाधीन करून मी पुन्हा त्या गल्लीत गेले.

सकाळी मी मुलीच्या घाईत वर पाहिलंच नव्हतं. पडवीत, पत्र्याच्या खाली, या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी बांधलेली होती. तिच्यावर ओळीने लहान मुलांच्या चड्ड्या. फुलाफुलांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, एक झालरीची, एक जुन्या साडीची शिवलेली. मोठ्या माणसाचा एकही कपडा नाही. टोकाला माझ्या मुलीची, अजून ठिबकणारी.

बाई दारात येऊन उभी राहिली. मी विचारलं, "या सगळ्या तुमच्या मुलीच्या?"

"माझी ताई असती तर आता शाळंत गेली असती," ती म्हणाली. "ह्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या. समद्या म्हणत्यात, जाताना नेते."

"आणि?"

"जाताना कुणाला ध्यान ऱ्हातंय? रिक्षा गाठायची असती." तिने जवळच्या चड्डीवरचा कापसाचा तंतू चिमटीने उचलला. लूमचं हे पीस त्या गल्लीत सगळीकडे उडे, केसांत, जेवणात. "आठ दिसाला धुवावं लागतंय समदं. बसतंय ना वर. आन् कुणी आलंच न्यायला, तर मळकी कशी द्यावी?"

मी माझ्या मुलीच्या चड्डीकडे हात केला. म्हटलं, ही नेते.

"वली हाय अजून. फुडच्या गुरवारी न्या की."

"नको. आत्ताच न्यायला हवी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग हसली. "सासूनं धाडलं व्हय? माझी सासू बी लई भ्यायची." हसू होतं तसंच राहिलं, पण दोरीवरचा चिमटा काढायला तिला वेळ लागला. चड्डी तिने पिळली, झटकली, चौकोनी घडी केली. नेफ्यातल्या लाल टाक्यांवरून अंगठा फिरवला. "खूण केलीय. बरं केलंत. हरवणार न्हाई." घडी माझ्या हातात देऊन तिने विचारलं, "ताप आलाय का लेकराला?"

मी तिला तापाचं काहीच सांगितलं नव्हतं.

"येतो जरासा," ती म्हणाली. "उतरंल."

ताप उतरला. सासूबाई म्हणाल्या चड्डी घरी आली म्हणून. मी म्हटलं औषधाने. त्यानंतर त्यांनी मला त्या गल्लीतून जायची मनाई केली, आणि मी पलीकडच्या रस्त्याने जाऊ लागले. पण प्रत्येक गुरुवारी गल्लीच्या तोंडाशी मुलगी थबकायची, माझं बोट ओढायची. "ताईकडे शू." शू आलेली नसायची. मी तिला उचलून घ्यायची, ती खांद्यावरून मागे बघत राहायची. घरी मोरीत बसताना भिंतीवर हात फिरवून काहीतरी शोधायची. मी तिथे खुंटी ठोकून घेतली नाही.

त्या वर्षी गणपती बोळवले आणि शहरात प्लेग आल्याची बातमी आली. तोंडाला रुमाल बांधून माणसं स्टेशनकडे धावली. आम्हीही जळगावकडच्या गाडीत कसेबसे शिरलो. तुडुंब डब्यात मुलीला लागली तेव्हा कुठलीच व्यवस्था कामाला आली नाही. माझ्या पदरातच झालं. ती रडली नाही. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र धरून, खुंटी धरावी तसं धरून, बसली.

दिवाळीनंतर परतलो. सासूबाई गावीच राहिल्या. एका गुरुवारी मुलीला घेऊन मी मुद्दाम त्या गल्लीत गेले. माग अजून पुरते सुरू झाले नव्हते. एवढी शांतता तिथे मी कधी ऐकली नव्हती. बाईच्या दाराला कुलूप होतं. दोरी तशीच होती, चड्ड्या तशाच. पावसाने आणि धुळीने त्यांचा रंग कळेनासा झाला होता. टोकाला एक रिकामा चिमटा.

शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "सब लोग गया था, बेन. कोई आया, कोई नहीं आया." कुठल्या गावची, कोणाबरोबर गेली, तिला ठाऊक नव्हतं.

मुलगी बंद दारापुढे उभी होती. मग पाय आवळून म्हणाली, "शू." या वेळी खरी होती. शेजारण नळाजवळची जागा दाखवून आत गेली. मुलगी तिथे बसायला तयार होईना. मी खाली बसले, तिचा हात माझ्या हातात घेतला. जवळ कोणी नव्हतं, शिकलेलं किंवा अडाणी. मी म्हटलं, "बस. ताई बसायची तशी बस." ती बसली.

मग मी दोरीवरून सगळ्या चड्ड्या काढल्या, घरी नेऊन धुतल्या, आणि पुढच्या गुरुवारी होत्या त्याच क्रमाने वाळत घातल्या. कोणी न्यायला आलंच, तर मळकी कशी द्यावी? मुलीची ती चड्डी तिला आता आखूड झाली होती. निघताना मी पिशवीत टाकली होती. सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी मला घराबाहेर पडू दिलं नसतं. रिकाम्या चिमट्यात ती मी एका हाताने लावली. मुलीला मी दुसऱ्या हाताने घट्ट धरलं होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो. दाराला तेच कुलूप. त्याच्यावर कापसाचं पीस बसलेलं, कोणाचा हात न लागलेलं. दोरीवरच्या सगळ्या चड्ड्या होत्या तशा. फक्त लाल दोऱ्याची नव्हती. चिमटा पुन्हा दोरीला नीट लावून ठेवलेला होता.

शेजारणीने कोणालाही पाहिलं नव्हतं.

तुमच्या आईला त्यानंतर काही झालं नाही. ती वाढली, शिकली, तुमच्यासारखी दोन मुलं तिला झाली. चड्डी गेलेली दिसली त्या रात्री मात्र मी कितीतरी वेळ तिचं कपाळ चाचपत बसले होते. गार होतं. पुढचा गुरुवार आला तेव्हा दिरांकडे जाताना गल्लीच्या तोंडाशी तिने माझं बोट ओढलं नाही. सरळ पुढे चालत गेली.

थोरल्या, तू विचारलंस म्हणून सांगितलं. धाकट्याला बसताना धरायला काहीतरी द्यायला आईला सांग.

तुमची आजी