पाच पडद्यांवरचं एक हृदय

तीन दिवस उबवलेलं कोंबडीचं अंडं फोडलं की पिवळ्या बलकावर एक लाल ठिपका दिसतो. मोहरीएवढा. नीट पाहिलं तर तो हलत असतो. ते हृदय. चोच नाही, पीस नाही, पायांच्या जागी नुसते कोंब, आणि हृदय मात्र कामाला लागलेलं. कर्वेनगरच्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवते आहे. दरवर्षी हे बघते आणि दरवर्षी भरून येतं. वर्गात मी ते दाखवत नाही. बाई गहिवरल्या की मुलांचे लगेच मोबाइल निघतात.

हृदय दाखवायची आमची रीत मात्र भिकार होती. मायक्रोस्कोप एक, मुलं साठ. अंडं फोडून गर्भ कोमट मिठाच्या पाण्यात ठेवायचा, आणि मुलांनी रोल नंबरप्रमाणे रांग लावायची. प्रत्येकाला अर्धं मिनिट. पहिल्या वीसेक जणांना ठोके दिसायचे. मग पाणी गार व्हायचं, ठोके मंदावायचे, आणि चाळिसाव्या नंबराच्या पुढच्यांनी पाहिलेलं हृदय थांबलेलं असायचं. त्यांच्यासाठी दुसरं अंडं फोडायचं, मग तिसरं. तरी शेवटचे पाच-सहा जण दरवर्षी शेजाऱ्याच्या वहीतून आकृती काढायचे.

आणि त्यांच्याही मागे, बेसिनपाशी, चाचा उभे असायचे.

चाचा आमचे लॅब असिस्टंट. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आणि तो हात चाचांकडे जसाच्या तसा आलेला आहे. अठ्ठावीस वर्षं ही अंडी त्यांनीच आणली. वाघोलीच्या पुढच्या एका हॅचरीतून, बसमध्ये मांडीवर खोका धरून, कारण खाली ठेवला तर हादरे बसतात. शनिवार-रविवारी घरून येऊन ती फिरवायची, इन्क्युबेटरचं तापमान बघायचं, सगळं त्यांचं. प्रॅक्टिकल संपलं की फोडलेली अंडी ट्रेमधून मागच्या खड्ड्यात नेऊन टाकायचं कामही त्यांचंच. आणि या माणसाने ते हृदय एकदाही पाहिलेलं नव्हतं. मी कितीदा म्हटलं, चाचा, या, एक नजर टाका. दर वेळी एकच उत्तर.

"तुमचं चालू द्या मॅडम. मुलांचा नंबर आहे."

या वर्षी ते महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. म्हणजे हे त्यांचं शेवटचं प्रॅक्टिकल. मी मनाशी ठरवलं की काय वाटेल ते झालं तरी चाचांना ते हृदय चालू असताना बघायला मिळालं पाहिजे. रांगेमुळे अडतं ना, मग रांगच काढून टाकायची. मायक्रोस्कोपवर कॅमेरा बसवायचा आणि लॅबभर पाच टीव्ही लावायचे. सगळ्यांनी एकदम बघायचं.

प्राचार्यांनी परवानगी दिली, एका अटीवर. नुकताच रंग दिलाय, भिंतीला एक भोक पडता कामा नये. जमिनीवरून वायर टाकावी तर आमच्या लॅबची फरशी कायम ओली. त्यामुळे बिनवायरीचा उपाय शोधत मी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी सहा डबडी काचेवर मांडली. एक पाठवणारं, ते कॅमेऱ्याला लावायचं. पाच घेणारी, ती टीव्हीच्या मागे.

मी विचारलं, "भिंतीतून जातं का?"

"एखाद्या भिंतीतून जातं. माणसातून जात नाही."

मला वाटलं नेहमीचा पुणेरी टोमणा आहे. मी विज्ञानच शिकवते हे त्यांना कळावं म्हणून दोन तांत्रिक शब्द टाकले. त्यांनी पिशवी बांधता बांधता मान वर न करता "बरं" म्हटलं.

टीव्ही गोळा करणं हा वेगळाच उद्योग. एक वाचनालयातला, इतका जुना की चालू व्हायला स्वतःचा वेळ घ्यायचा. एक प्राचार्यांच्या केबिनमधला, दोन संगणक विभागाने उपकार केल्यासारखे दिले. पाचवा माझ्या घरचा, रिक्षात आडवा घालून आणलेला. नवऱ्याने दारात विचारलं, "कोंबडी बघायला टीव्ही नेतेस, आम्ही काय भिंत बघायची?" मी म्हटलं, बघा, तिलाही रंग द्यायचाय.

रविवारी दुपारी चाचा अंडी फिरवायला आले तेव्हा मी स्टुलावर उभी होते. पाठवणारं डबडं मायक्रोस्कोपच्या शेजारी टेबलावर ठेवलं. मग प्रत्येक घेणाऱ्याची त्याच्याशी ओळख करून द्यायची. दोन्हीकडची बटणं दाबून धरली की दिवे लुकलुकतात, एकमेकांना शोधतात आणि ओळख पटली की स्थिर होतात. पहिली तीन पटकन जमली. चौथ्याने अर्धा तास घेतला. चाचा खालून म्हणाले, "मॅडम, तुम्ही बटण सोडताय लवकर." मी सोडत होते. माझ्यात तेवढा धीर कधीच नव्हता.

बाकीचे टीव्ही कपाटांवर होते, पाचवा मी मुद्दाम बेसिनच्या वरच्या फळीवर ठेवला. चाचा प्रॅक्टिकलच्या वेळी तिथेच उभे असतात, काचसामान धुतात. आता त्यांना वळायचीही गरज नव्हती.

अंडं आज फोडायचं नव्हतं, म्हणून खाली उतरून मी मायक्रोस्कोपखाली माझा अंगठा ठेवला आणि मान वर करून बघते तर पाची पडद्यांवर माझा अंगठा. एकेका रेषेची नांगरट दिसत होती. हवेतून गेलं हे. मधे काही नाही, दोरा नाही, तार नाही, आणि त्या टोकाला माझा अंगठा जसाच्या तसा. रेडिओ ऐकत वाढलेली मी, तरी तोंड उघडंच राहिलं. चाचांनी पाहिलं, छान आहे म्हणाले आणि अंडी फिरवायला गेले.

एक गोष्ट आधीच कबूल करते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल गैरसमज नको. या वेळी गर्भ बाहेर काढायचा नाही, टरफलालाच छोटी खिडकी पाडून आत जिथल्या तिथे दाखवायचा, असं मी ठरवलं होतं. पण ते दयेपोटी नव्हे. टरफलात तो गार होत नाही, जास्त वेळ टिकतो, एवढंच. आजवर ते जमलं नव्हतं, कारण साठ जण वाकणार म्हटल्यावर कोणाच्या तरी कोपराने अंडं घरंगळणार. आता कॅमेरा जवळ आणि माणसं लांब.

सोमवारी अकरा वाजता चाचांनी अंडं कापसाच्या घरट्यात ठेवलं. आधी सुईने थोडा पांढरा बलक काढून घेतला, म्हणजे गर्भ टरफलापासून सुटून खाली बसतो. मग बारीक कात्रीने नाण्याएवढा तुकडा कापला. एकही कपची आत पडली नाही. तुकडा उचलताना त्यांची नजर कात्रीच्या टोकावर होती, आणि तो निघाल्याबरोबर ते वळून बेसिनकडे गेले. मी कॅमेरा चालू केला आणि दार उघडलं.

साठ मुलं आत आली आणि त्यांनी रांग लावली.

पाच टीव्ही चालू आहेत, प्रत्येकावर हातभर मोठं चित्र आहे, आणि ही मुलं रोल नंबर विचारत विचारत मायक्रोस्कोपसमोर उभी. तू सतरा ना, मग माझ्या पुढे ये. मी म्हटलं, अरे, भिंतीकडे बघा. एक मुलगी म्हणाली, "हो मॅडम, पण आमचा टर्न आधी होऊ दे ना." आणि तेवढ्यात वाचनालयाचा टीव्ही काळा झाला. मग प्राचार्यांचा. मग दाराजवळचा. मी धावत जाऊन बटणं दाबली, दिवे लुकलुकायला लागले, पण ओळख कोणाला कोणाची पटेना. रांग टेबलाला वेढा घालून दारापर्यंत गेली होती. पाचही पडदे काळे.

माझा पारा चढला. काल रिकाम्या लॅबमध्ये सगळं सुरळीत होतं, आज काय झालं? आणि मग बुधवार पेठेतला तो मान वर न करणारा माणूस आठवला. माणसातून जात नाही. टोमणा नव्हताच तो. आपल्या अंगात बहुतेक पाणीच, आणि ही लहर पाण्यात विरते. हे मी स्वतः शिकवू शकले असते. साठ मुलांची भिंत मीच सव्वीस वर्षं रांग लावायला शिकवून उभी केली होती, आणि रांगेपायी त्या हृदयाची वाट पुन्हा अडली होती.

"खाली बसा," मी ओरडले. "सगळे. जिथे आहात तिथे, फरशीवर."

"मॅडम, ओलं आहे."

"मग ओले व्हा."

मुलं बसली. मी स्टुलावर चढून पाठवणारं डबडं पंख्याच्या दांडीला दोऱ्याने बांधलं, लांब केबल खाली मायक्रोस्कोपपर्यंत सोडली. दिवे लुकलुकले. एक स्थिर झाला. दुसरा. मी खाली उतरेपर्यंत पाचही पडदे उजळले होते.

मग कोणी रोल नंबर विचारला नाही.

मी ते हृदय आजवर एका डोळ्याने, वाकून, मागच्याची घाई पाठीवर घेत पाहिलेलं. आता ते भिंतीवर होतं, परातीएवढं. पारदर्शक. आतून रक्त येताना दिसत होतं. वाकड्या नळीसारखं ते आवळायचं, आणि रक्ताची लाट बलकावर पसरलेल्या नसांमध्ये फुटत फुटत काठापर्यंत जायची आणि दुसऱ्या वाटेने परत यायची. परत आवळायचं. कोणी सांगितलं याला? मेंदूही अजून नीट झालेला नाही, सांगणारं कोणी नाही. इतकी वर्षं मी याची आकृती फळ्यावर काढली, नावं दिली, दहा गुणांना विचारली, आणि मला काहीही माहीत नव्हतं असं वाटलं.

मग मागे बसलेला एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, सगळे वेगवेगळे चाललेत." खरंच. पाच टीव्ही पाच वयांचे, प्रत्येकाला चित्र दाखवायला कमीजास्त वेळ लागत होता. माझ्या घरच्या टीव्हीवर ठोका पडायचा, मग संगणकवाल्यांच्या, मग प्राचार्यांच्या, आणि वाचनालयाचा म्हातारा सगळ्यांच्या शेवटी. एकच हृदय खोलीभर फिरत होतं. मुलांच्या माना त्याच्यामागे फिरत होत्या. माझे डोळे भरून आले आणि एकाचाही मोबाइल निघाला नाही.

तेव्हा मी चाचांकडे पाहिलं. ते बेसिनपाशी होते, नळ सोडलेला, मान खाली. डोक्याच्या बरोबर वर हृदय धडधडतंय आणि ते परीक्षानळ्या धुतायत. उजवीकडे वळले तर तिथे टीव्ही, डावीकडे वळले तर तिथे. त्यांनी पुन्हा खाली पाहिलं. मला वाटलं, भरून आलं असेल. मी स्वतःवर खूश होते, खोटं कशाला बोलू.

दीड वाजता मुलं गेली. हृदय अजून चाललं होतं. चाचा नेहमीसारखा ट्रे घेऊन टेबलाजवळ आले.

मी म्हटलं, "काय चाचा? शेवटी पाहिलंत की नाही?"

"नाही मॅडम."

"अहो, पाच पाच टीव्ही लावले. आता कुठे रांग होती?"

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि हात पुसले. "रांगेचं नव्हतं ते," चाचा म्हणाले. "टाकायला मला लागतं ना. ज्याला टाकायचं, त्याला आधी बघून ठेवलं तर हात चालत नाही. म्हणून पहिल्या वर्षीच ठरवलं, बघायचं नाही."

अठ्ठावीस वर्षं. त्यातली सव्वीस तो ट्रे त्यांच्या हातात मी देत होते, आणि या, बघा, म्हणून आग्रहही मीच करत होते. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

चाचांनी अंड्याकडे न बघता विचारलं, "हे फोडलेलं नाही ना या वेळी? नुसती खिडकीच पाडली ना मी?"

"हो."

"मग मिटता येतं?"

येतं, मी म्हटलं. स्वच्छ चिकटपट्टी लावून परत उबेला ठेवता येतं. पण जगेलच असं नाही. बहुतेक जगत नाहीत.

"बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत," चाचा म्हणाले.

त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली. सकाळपासून ती खिशात होती. खिडकीवर एकच तुकडा ताणून बसवला, सुरकुती पडू न देता, आणि कडेने बोट फिरवलं. न फोडलेली अकरा अंडी उद्या हॅचरीवाल्याला परत देऊन येतो, विचारून ठेवलंय, असंही सांगितलं. पडद्यांवर पट्टीतून हृदय थोडं धूसर दिसत होतं, चालत होतं.

"इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या आधी दोन मिनिटं चालतील का?" त्यांनी विचारलं.

"चालतील."

"मग बघतो," चाचा म्हणाले, आणि स्टूल ओढून पडद्याकडे तोंड करून बसले.