पाटी निळी, मासळी शिळी

निवृत्त झाल्यावर माणसानं देवाचं करावं, गुडघे सांभाळावेत आणि स्वयंपाकघरात येऊन कविता म्हणू नयेत, असं माझ्या बायकोचं स्पष्ट मत आहे. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. गणितात माझी पोरं यथातथाच. पण कविता म्हणायला उभी राहिली की खिडकीबाहेर रस्त्यावरची माणसं थांबायची. मग निरोपाचा नारळ हातात पडला आणि दुसऱ्या दिवसापासून माझं ऐकायला एक कान उरला नाही. बायकोपुढे कविता सुरू केली की ती नेमकी मिक्सर लावते. अरे, माणसानं खोबरं वाटावं तरी किती!

मग काय करणार? एसटी स्टँडवर रडणारं पोर दिसलं की मी सुरू. काही पोरं गप्प व्हायची, काही जास्त रडायची. बालमासिकांना कविता पाठवून पाहिल्या. पूर्वी निदान साभार परत तरी यायच्या. आता ईमेल गेला की गेला. समुद्रात निर्माल्य टाकलं तर तेसुद्धा भरतीला परत येतं.

शेवटी आमच्या आळीतली पोरं सापडली. मुरुडात आमची आळी म्हणजे दोन्ही बाजूंना बसकी घरं, मागे नारळ-पोफळी आणि मध्ये रिक्षा अडकेल एवढा रस्ता. संध्याकाळी पोरं माझ्या ओट्यावर जमायला लागली. शाळेची शिस्त मी सोडली नाही. हात मागे, मान ताठ, आधी कवितेचं नाव, मग कवीचं नाव, मग कविता, आणि तीही हावभावांसकट. कवी अर्थातच मी. ‘कवी, आपले गुरुजी!’ असं पोरं एका सुरात ओरडली की मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

त्या दिवसांत मी एक कविता केली. आमच्याकडे रोज सकाळी मासळी घेऊन कोळीवाड्यातून एक मावशी येते. आळीतली पोरं तिला मावशी म्हणतात, म्हणून म्हातारेही मावशीच म्हणतात. मी तिला बाय म्हणतो. तिची हाक आळीच्या तोंडाशी उठली की शेवटच्या घरातलं मांजर उठून बसतं. बायको चिकुनगुन्यानं अंथरुणाला खिळली होती तेव्हा हीच बाई पाटी उतरवून आमच्या मोरीत बसायची आणि मासळी साफ करून, धुऊन, मीठ-हळद लावून द्यायची. तर तिच्यावरची ती कविता अशी:

आली आली मावशी आली,
डोक्यावरती पाटी निळी,
हाक ऐकुनी पळे कावळा,
माशी म्हणते, मासळी शिळी!

पोरांना शेवटची ओळ इतकी आवडली की काही विचारू नका. ‘शिळी’ म्हणताना सगळ्यांनी नाक धरायचं, असा हावभावही मीच बसवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली आणि पोरं तिच्यामागून कविता म्हणत निघाली. ती बरोबर माझ्या दारासमोर थांबली. पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन विचारलं, “कुनी शिकवलं रं ह्ये?”

आता एखाद्या शहाण्या पोरानं पळ काढला असता. पण माझी शिकवण! सगळ्यांनी हात मागे घेतले, माना ताठ केल्या आणि खणखणीत सांगितलं, “कवितेचं नाव, मावशी आली. कवी, आपले गुरुजी!” आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी कविता, नाक धरून, साग्रसंगीत. मी ओट्यावर चहाचा कप घेऊन उभा होतो. मूर्खासारखा हसतही होतो, कारण मला वाटलं आता शाबासकी मिळणार. मावशीनं माझ्याकडे एकदा पाहिलं, पाटी उचलली आणि चालती झाली.

त्यानंतर ती आळीतून जायची, पण मुकाट. हाक नाही, थांबणं नाही. आळीला जाग तिच्या हाकेनं यायची. पोरांना शाळेला उशीर व्हायला लागला. समोरच्या भाभींचा मुलगा मस्कतहून सुट्टीवर आला होता. भाभी दारात येऊन म्हणाल्या, “गुरुजी, माझा बेटा तिकडे फ्रीजमधली मासळी खाऊन कंटाळून आलाय. इथं येऊन काय तुमची कविता खाणार?” मी तावातावानं पिशवी घेऊन बाजारात गेलो. तिथे सगळ्या तिच्याच बहिणी, नणंदा, भाच्या. पहिलीनं विचारलं, “गुरुजी, आमची शिली हाय, चालल?” दुसरी पदरानं माशा वारत म्हणाली, “थांबा, ही माशी काय म्हनतंय बगूंया.” मी अंडी घेऊन घरी आलो.

बायकोनं अंड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “त्या बाईनं माझं दुखणं काढलं,” ती म्हणाली, “आणि तुम्ही पोरं लावलीत तिच्यामागं. तिला हाक मारत दारात आणा. तोवर या घरात डाळ शिजेल.” ती रागावते तेव्हा ओरडते, ते मला चालतं. त्या दिवशी ती हळू बोलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओट्यावर बसलो तर पोरंही येईनात. त्यांच्या आयांनी बंदी घातली होती.

मी विचार केला, बाई दुखावली ती आवाजावरून. कावळा पळाला म्हटलं, कोणत्या बाईला आवडेल? म्हणून जिवाचं रान करून नवीन कविता लिहिली. तिच्यात मावशीचा गळा कोकिळेचा, हाक मधाची, आणि कावळा पळत नव्हता, तर फांदीवर बसून मान डोलवत होता. बायकोला म्हणून दाखवली. तिनं मिक्सरही लावला नाही, म्हणजे प्रकरण किती हाताबाहेर गेलं होतं बघा.

सकाळी बाजारात गेलो. फेरी आटपून मावशी बोंबलाच्या ढिगामागे बसली होती. बाजूला दुसऱ्या कोळणी. मी म्हटलं, “बाय, चुकलो. तुझ्यासाठी नवीन कविता आणलीय.”

“म्हना.”

“इथे?”

“मंग काय किल्ल्यात जाऊ?”

म्हटली. हात मागे, मान ताठ. गिऱ्हाइकं थांबली. कोकिळेपाशी आलो तशी मावशी उठून उभीच राहिली. “कोकिला? जल्ला तुमची ती कोकिला! कोकिलेगत कुहू केलं तर मासली इकल कोन? गुरुजी, माज्या आयशीचा आवाज पार व्होडीपातूर जायचा. माजा जातो. कावला पलतो त्ये खरंच हाय, मला काय त्याचा राग?”

“मग राग कशाचा?”

तिचा आवाज एकदम खाली आला. “मासली शिली म्हनलात. ह्या पाटीत येक दिस शिली मासली नाय घातली मी. तुमच्या बायकोला तापात मी शिली खिलवली काय?”

निळीला यमक हवं होतं म्हणून शिळी आली, हे त्या बाईसमोर उच्चारायची माझी हिंमत होईना. शेवटी उच्चारलं. लाज वाटली. ती म्हणाली, “मंग ताजी घाला.”

“ताजीला यमक सापडत नाही ना! भाजीच येते एकसारखी.”

“भाजी?” ती कडाडली. बाजारातले कावळे खरोखर उडाले. “पाटी माजी, मासली माजी, आवाज माजा, त्याच्यात तुमची भाजी कशाला वो?”

मी थबकलो. पाटी माजी. मासळी ताजी. मी तिथेच, मासळीच्या पाण्यात उभा राहून, म्हणून टाकलं:

आली आली मावशी आली,
डोक्यावरती पाटी माजी,
हाक ऐकुनी पळे कावळा,
नजर लागेल अशी ताजी!

व्याकरण साफ हुकलं होतं. मावशी आली तर पाटी तिची हवी. वर्गात असतो तर लाल रेघ मारली असती. पण मावशीनं ती ओळ तोंडातल्या तोंडात घोळवली, मग मोठ्यानं म्हटली, मग बाजूच्या कोळणींनी म्हटली, आणि मी लाल रेघ गिळली. “उद्या येते,” ती म्हणाली. मला रडू फुटेलसं झालं, म्हणून बोंबलाचा भाव विचारला.

पोरांना नवीन कविता शिकवताना मात्र नाकी नऊ आले. नाक धरायला मिळणार नाही म्हणून सगळी हिरमुसली. शेवटी कमरेवर हात ठेवून मावशीसारखं उभं राहायचं ठरलं, तेव्हा कुठे तयार झाली. आणि सकाळी आळीच्या तोंडाशी हाक उठली, “आली आली मावशी आलीऽऽ!” बोंबील नाही, मांदेली नाही, थेट कविता! दारं उघडली. भाभी पातेलं घेऊन धावल्या. पोरं मागोमाग. बायको दारात आली, आणि मावशीनं काही न विचारता पाटीतल्या हलव्याची मोठी तुकडी तिच्या ताटात ठेवली.

तेव्हापासून तीच तिची हाक झाली. परवा शनिवारी शेजारच्या लॉजवर उतरलेलं एक जोडपं लहान मुलीला घेऊन आळीत आलं. मुलगी कविता ऐकून थांबली ती हलेना. तिची आई मावशीला म्हणाली, “किती गोड! कोणाची आहे हो ही कविता?”

मी ओट्यावरच होतो. सदऱ्याची कॉलर नीट केली.

“कोनाची म्हंजे?” मावशी म्हणाली. “माजीच.”

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतोच. ते जोडपं वळल्यावर मी खाली उतरलो. “बाय, ही कविता मी केली. बाजारात सगळ्यांसमोर केली!”

मावशीनं पाटी डोक्यावर चढवली. “गुरुजी, तुमची व्हती ती शिली. ताजी हाय ती माजी.”

पोरं खो-खो हसली. ओट्यामागून बायकोचंही हसू ऐकू आलं. आणि तिकडे ती मुलगी बापाचा हात ओढत, उड्या मारत लॉजकडे निघाली होती, गळा फाटेपर्यंत ओरडत, “पाटी माजी! पाटी माजी!” कवी कोण, हे तिनं विचारलंही नाही. जन्मभर मी पोरांना आधी कवीचं नाव घ्यायला लावलं. आता कुठल्याच कवीचं नाव न घेता ती पोर वळणापर्यंत म्हणत गेली, आणि ती दिसेनाशी झाली तरी मी तिथेच ऐकत उभा राहिलो.