दोन दिवसांची रजा आणि पुस्तकांचे दोन गठ्ठे

धुळ्याच्या स्टँडवर सकाळच्या इंदूर गाडीत मी पुस्तकांचे दोन गठ्ठे चढवले तेव्हा कंडक्टरने विचारलं, "ताई, शाळेची का?" शाळेत शिकवते खरी, पण पुस्तकं माझी होती. आईची स्मरणशक्ती जायला लागली तेव्हापासूनची तीन वर्षं मी लिहून काढली, पदरमोड करून छापली आणि छापल्यावर कळलं की खरं काम पुढेच आहे. पुस्तक लोकांपर्यंत न्यायला वेळ लागतो आणि तोच माझ्याकडे नव्हता. शाळा, आई, वर हे पुस्तक. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. वर्षातल्या शेवटच्या दोन किरकोळ रजा घेतल्या, आईजवळ शेजारच्या कुसुमकाकूंना बसवलं. संध्याकाळ झाली की आई मला शोधायला लागते, तेवढं सांभाळा, हे त्यांना तीनदा सांगितलं.

शिरपूर मागे पडलं, सेंधव्याचा घाट गाडी कण्हत चढली. खलघाटला नर्मदा आली तशी अर्ध्या गाडीने हात जोडले. मीही जोडले आणि पुस्तक खपू दे असं मागून टाकलं. एवढ्या मोठ्या नदीकडे असलं फुटकळ मागणं मागताना मला लाजही वाटली.

इंदूरला उज्ज्वलाताई घ्यायला आल्या होत्या. तिथलं एक मराठी मंडळ त्या चालवतात. ओळख फक्त फोनवरची. गठ्ठे बघून म्हणाल्या, "पहिले जेवण कर, फिर आराम से पुस्तकाचं बघू." जेवणात शुक्रवारची दुपार गेली. संध्याकाळी काकूंचा फोन आला. आई दारात बसली होती, आत यायला तयार नव्हती. "'येईल हो ती, मी थांबते,' असं म्हणतात," काकू म्हणाल्या. मी फोनवर बोलले, तर माझा आवाज तिला ओळखू आला नाही.

शनिवारी सकाळी पोहे. इंदूरचे पोहे वाफेवरचे, मऊ. वर शेव आणि जीरावन (आंबट-तिखट मसाला), सोबत जिलबी. चव उत्तम होती, पण माझं लक्ष घड्याळाकडे. मग "इंदूरला आलीस आणि लालबाग न पाहता जाणार, असं कसं चलेल?" म्हणून लालबागचा राजवाडा. झुंबरांखाली उभी राहून मी मनात हिशेब करत होते की एवढ्यात चार दुकानं झाली असती. माया करणाऱ्या माणसावर चिडता येत नाही, हे सगळ्यात वाईट.

शेवटी भंवरकुआं भागात एकच दुकान झालं. क्लासच्या मुलांची गर्दी, चहूकडे स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. मालक मराठी निघाले म्हणून मला आशा वाटली. त्यांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "बोलतो तर मराठी अपन सगळेच, ताई. पर वाचतं कौन? माझी मुलंही नाही वाचत. ठेवून जा, पण धूळच खाईल." त्यांच्या खरेपणाचा मला राग आला. पुस्तक मी उचलून घेतलं.

संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, गुच्छ, चार जणांची भाषणं. पुस्तक त्यांतल्या एकानेही वाचलेलं नव्हतं. मला दहा मिनिटं मिळाली. अध्यक्षांनी आणि चौघा वक्त्यांनी एकेक प्रत सप्रेम भेट समजून पिशवीत टाकली. बाकीची मंडळी कचोरीकडे वळली.

टेबलापाशी एकच बाई आल्या. सत्तरीच्या असतील, बारीक, सुती साडी. पहिलं पान उभ्याउभ्याच वाचून त्यांनी विचारलं, "संध्याकाळी आई तुलाच शोधते, असं लिहिलंयस ना? मग आत्ता कोण आहे त्यांच्याजवळ?"

"शेजारच्या काकू."

"हौ. माझ्या ह्यांचंही तेच आहे. मी पण शेजारणीला बिठवून आले." पुस्तक त्यांनी हळूच परत ठेवलं. "घेतलं असतं गं, पर वाचणार कधी? रात को जरा डोळा लागतो, बस, तेवढाच टाइम. तू पण घरी जा." आणि त्या घाईने निघून गेल्या.

हे पुस्तक मी ज्यांच्यासाठी लिहिलं त्या याच होत्या. मला विकायला वेळ नाही, त्यांना वाचायला वेळ नाही. मग लिहिलं कशाला? हा प्रश्न मला खलघाटापर्यंत पुरला. परतताना पुलावर मी हात जोडले नाहीत.

रविवारी दुपारी घरी पोचले. आई पलंगावर शेंगा सोलत होती. मी काकूंना विचारलं, काल संध्याकाळी फार त्रास दिला का?

काकू म्हणाल्या, "नाही गं. काल काहीच नाही. विचारलंच नाही त्यांनी तुझं. शांत बसल्या होत्या."

त्यांना वाटलं, मला बरं वाटेल.

दिवेलागणीला मी आईसमोर जाऊन बसले. तीन वर्षं या वेळेला मी समोर असतानाही ती दाराकडे बघत मला शोधायची, त्याला मी कंटाळले होते, ओरडलेही होते. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. तिने दाराकडे बघावं म्हणून मी अंधार पडेपर्यंत थांबले. तिने बघितलं नाही.