बोरटेक बुद्रुक कुणी खाल्लं?

मेघाला राग येतो असं म्हणणं चुकीचं आहे. राग तिच्याकडे कायमचा राहायलाच आहे, ती फक्त त्याला अधूनमधून बाहेर फिरवून आणते. जळगावच्या एमआयडीसीत आमचं नकाशांचं छोटं ऑफिस आहे. बाहेरून पाइप लादलेले ट्रक जातात, आत कूलर नुसता आवाज करतो आणि मेघा कॉम्प्युटरशी भांडते. ती एरंडोलकडच्या बोरटेक खुर्दची. इंजिनिअर झाली, पण जिभेवरचं तिखट गावचंच राहिलं. मी भूषण, तिच्या शेजारच्या खुर्चीवरचा. माझाही स्वभाव काही लोण्यासारखा नाही, पण तिच्यापुढे मी गरीब गाय.

मे महिन्यात नळपाणी योजनेचं काम आलं. ड्रोननं काढलेले गावांचे फोटो चौकोनी तुकड्यांत येतात. ते तुकडे डेटाबेसमध्ये भरायचे. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी बसला की अख्खं गाव दिसतं, चढउतारासकट. त्यावरून शेजारच्या गावांना मिळून एक पाण्याची टाकी कुठे बांधायची ते ठरणार होतं; सगळ्यात उंच जागेवर कॉम्प्युटर निळी खूण करतो. टाकी ज्या गावात, पाणी त्याला आधी. शेपटाकडच्या गावाला उरलंसुरलं. उद्या नकाशा द्यायचा आणि आज बोरटेक बुद्रुक गायब! ओढ्याच्या अलीकडे खुर्द व्यवस्थित दिसत होतं, पलीकडे सगळं पांढरं.

"भरलं होतंस ना?" मी विचारलं.

"भरलं होतं! हा मेला 'यशस्वी' म्हणतोय बघ. गाव गिळलं आणि वर ढेकर देतोय."

मलाही यानंच संताप येतो. चूक झाली तर लाल अक्षरांत सांग ना बाबा! हिरव्या अक्षरांत खोटं कशाला बोलतोस? मेघानं तुकड्यांचे अक्षांश-रेखांश तपासले, डिस्कवरची जागा तपासली. मग धुळ्याला योगराजला फोन लावला. फोटो तोच पाठवतो.

"योगराजभाऊ, बुद्रुकवर ड्रोन उडवला होता की नुसता चहा पिऊन आलात?"

"ताई, तिसऱ्यांदा पाठवतोय," योगराज रडकुंडीला आला होता.

तिसऱ्यांदाही तेच. फोटो येत होते, दर वेळी आधी बुद्रुक, मग खुर्द असं सगळं पुन्हा भरलं जात होतं, आणि शेवटी गाव नाही ते नाहीच.

एवढ्यात आमचे मालक रोनकशेठ केबिनबाहेर आले. "खुर्द दिसतंय ना? मग तेवढंच देऊन टाका," म्हणाले. जाता जाता वळले. "मेघा, तुझं गाव खुर्दच ना?"

त्या 'च'नं आग लागली. खुर्द आणि बुद्रुकचं पिढ्यान् पिढ्यांचं वाकडं. शाळा बुद्रुकला, एसटीचा थांबा बुद्रुकला, खुर्दची पोरं ओढा ओलांडून जाणार. मेघाही तशीच शिकली. आता बुद्रुक नकाशातून उडालं म्हटल्यावर संशय कुणावर जाणार? कीबोर्डचे हाल मला ऐकू येत होते.

रोनकशेठनी तेवढ्यावर न थांबता बुद्रुकच्या सरपंच प्रमिलाबाईंना फोन करून तुमचं गाव नकाशात दिसत नाही, तुमच्याकडे ड्रोन आला होता का, असं विचारलं. दुपारी ऐन उन्हात प्रमिलाबाई ऑफिसात हजर.

"तू खुर्दनी पोर ना? आम्हनं गाव कोठे शे?"

"अक्का, शोधतेय मी."

"काय शोधस! तुम्ही खुर्दवाला आम्हना डोकावर यीसन बसनात!"

मेघा ताडकन उठली. "अक्का, मला चोर म्हणायचं नाही! मी..." आणि मधेच थांबली. "काय म्हणालात? खुर्द बुद्रुकच्या डोक्यावर येऊन बसलं?"

खाली बसून तिनं सगळं पुसलं आणि एकटं बुद्रुक भरलं. मारुतीच्या देवळापासून मसणवट्यापर्यंत सारं गाव पडद्यावर आलं. "ते देख, मन्हं घर!" प्रमिलाबाई ओरडल्या. मग मेघानं खुर्द भरलं. खुर्द आलं, बुद्रुक गेलं.

झालं होतं असं, की तुकडे भरणारा प्रोग्रॅम फाइलच्या नावातला पहिल्या अंडरस्कोअरपर्यंतचा, म्हणजे खालच्या रेघेपर्यंतचाच भाग गावाचं नाव म्हणून घ्यायचा. एरंडोल, रेघ, नंबर. पण इथे बोरटेक, रेघ, बुद्रुक, रेघ, नंबर. त्याच्या लेखी दोन्ही गावं नुसती 'बोरटेक'. दुसरं आलं की पहिलं पुसून त्याच जागी बसायचं. आमच्या यादीत अशी जोडगावं ही एकच, म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही.

"ज्यानं हे लिहिलं ना, त्याला मे महिन्यात बोरटेकच्या ओढ्यात उभा करा!" मेघा म्हणाली आणि तिनं ती ओळ बदलली.

दोन्ही गावं शेजारी शेजारी उमटली. आणि टाकीची निळी खूण हलली. सकाळपासून ती खुर्दच्या उंचवट्यावर होती, मेघाच्या घरामागे. आता पलीकडची टेकडी दिसू लागली, ती जास्त उंच, आणि खूण तिथे जाऊन बसली. प्रमिलाबाईंना ते कळलं नाही. मला कळलं. मेघाला तर कळलंच.

मी हळूच म्हणालो, "मेघा, शेठ तर म्हणालेच होते, तेवढंच देऊन..."

"भूषण, गप्प बस, नाहीतर माउस फेकून मारीन."

तिनं नकाशा पाठवून दिला. मग प्रमिलाबाईंकडे वळून ओरडली, "टाकी तुमच्या टेकडीवर येतेय, अक्का! आता म्हणा मला चोर!"

प्रमिलाबाईंनी पिशवी उचलली आणि गेल्या. चुकलं म्हणाल्या नाहीत. रोनकशेठही केबिनमधून बाहेर आले नाहीत. मला या दोघांचा इतका राग आला की चहासुद्धा गोड लागेना.

संध्याकाळी मेघाच्या वडिलांचा, रुपचंद आबांचा फोन आला. बातमी तिच्याआधी खुर्दला पोचली होती. स्पीकरची गरजच नव्हती.

"पोरी, आपलाकडे येनारी टाकी तू दी टाकी!"

"आबा, मी देऊन नाही टाकली. खोटा नकाशा करून आणलेलं पाणी तुम्ही प्यायला असता?"

"हा, पेतू ना! तुन्ही माय ओढावरथून हंडा आनस. तीस लागस तवय नकाशा कोन देखस?"

तहान लागल्यावर नकाशा कोण बघतो! मेघानं कॉम्प्युटर बंद केला. 

"आईला सांगा, रविवारी मी येतेय," ती रागानंच म्हणाली. "हंडा मी उचलेन."